धुऱ्यातलं गाठोडं

मी कुत्र्यांच्या कवट्या जमवते असं सांगितलं की ऐकणारा आधी हसतो आणि मग जरा मागं सरकतो. म्हणून सांगायचं मी शक्यतो टाळते. परभणीच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला प्राणिशास्त्राच्या मॅडमनी एक कवटी माझ्या हातात दिली आणि नाकाच्या भोकातून आत बघायला सांगितलं. आत कागदासारखी पातळ हाडं वळकटी करून ठेवल्यासारखी होती. कुत्र्याचा सगळा वासाचा कारभार तिथं चालतो म्हणे. आमच्या दारात कायम कुत्री बसलेली असायची, पण त्यांच्या डोक्यात एवढं नाजूक काही असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. घरात माझ्याआधी कुणी कॉलेज पाहिलेलं नाही. त्यामुळं हे सांगायचं कुणाला, तेही कळेना.

मॅडमचे नियम कडक होते. कवटीसाठी कुठलाही जीव मारायचा नाही, मारायला लावायचा नाही. मालक असेल तर त्याला विचारायचं. पिसाळल्याचा नुसता संशय असला तरी जवळ जायचं नाही. कोल्ह्याचं, मुंगसाचं काही सापडलं तर हात लावायचा नाही, कायद्यानं गुन्हा आहे. कुत्रं चालतं.

चुडाव्याजवळच्या आमच्या गावात पिठाच्या गिरणीवर एक बुटकं, म्हातारं कुत्रं होतं. उन्हाळ्याच्या शेवटी ते झोपेतच गेलं. मी घाबरत घाबरत गिरणीवाल्या काकांना विचारलं. ते म्हणाले, "ने की. पन फेकायचं न्हाई. नीट पुर." मी त्याला आईच्या जुन्या साडीत गुंडाळलं. साडी मुद्दाम न कुजणारी घेतली, कारण माती हाडं साफ करते पण दात आणि बारीक तुकडे इकडंतिकडं जातात. वर घट्ट गाठ मारली. पुरायला जागा निवडली ती धुऱ्यावरची. आमचं शेत आणि माझ्या थोरल्या चुलत्यांचं, आबांचं शेत यांच्यामधला हा लांब बांध. त्यावर नांगर कधी फिरत नाही. जे हलवायचं नाही ते धुऱ्यात ठेवावं, एवढाच माझा हिशेब.

हा हिशेब आबांच्या घरानंही आधीच केला होता. आदल्या थंडीत त्यांच्या सुनेचं, म्हणजे माझ्या वहिनीचं बाळ बारशाआधीच गेलं होतं. एवढ्या लहान जिवाला आमच्यात जाळत नाहीत, पुरतात. आबा आणि त्यांचा मुलगा, दादा, त्याला धुऱ्यावर घेऊन गेले. बायका जात नाहीत. वहिनीला जागा कुणी दाखवली नाही आणि तिनं विचारली नाही. मी समजत होते की ती जागा पार ओढ्याच्या बाजूला आहे.

कापूस वेचणीच्या दिवसांत आईवडील ऊसतोडीला गेले होते. दादाही त्याच टोळीत होता. मी गावातच धाकट्या काकांकडं राहून कॉलेज करत होते. सुट्टी होती म्हणून मी आणि वहिनी कमरेला ओटी बांधून कापूस वेचत होतो, काका कडेला कापूस भरत होते. पलीकडं आबांनी पाइपलाइनसाठी जेसीबी लावला होता. कुठून खणायचं ते दाखवायला धुऱ्याच्या कडेनं चुन्याच्या फक्कीची पांढरी रेघ मारलेली होती. जेसीबी येणार हे मला सकाळीच कळलं. माझ्या जागेला धक्का लागणार नाही असं मी स्वतःला सांगत राहिले.

तेवढ्यात मशीन थांबलं.

"आबा, गाठोडं लागलंय!" ड्रायव्हर ओरडला. "धनबिन पुरलं होतं काय तुमच्या म्हाताऱ्यानं?"

"असतं तर तुला बोलावलं असतं व्हय रं?" काका हसले आणि बघायला गेले. आम्ही दोघीही गेलो.

लोखंडी दातांत साडीचं एक बोचकं अडकलं होतं. मातीनं माखलेलं, काखेत मावेल एवढं. एका जागी कापड फाटलं होतं आणि आत हाडाचा गोल, पांढुरका भाग दिसत होता. हसणं तिथंच संपलं. ड्रायव्हरनं मशीन बंद केलं. आबांनी डोक्यावरचा रुमाल काढला.

"कुनी हात लावायचा न्हाई," ते म्हणाले.

वहिनी जागेवरच उभी होती. ओटी घट्ट धरलेल्या तिच्या मुठी मला दिसत होत्या.

मी म्हणाले, "आबा, ते माझं हाय."

"काय?"

"कुत्रं हाय ते. गिरणीवरचं. मी पुरलं होतं. कॉलेजसाठी."

वहिनीच बोलली, अगदी हळू. "खोटं नको बोलूस बाई. माझ्यासाटी खोटं बोलायलीस तू."

"न्हाई वयनी, खरंच..."

आणि मी अडकले. आईची साडी निळी होती. हे बोचकं मातीच्याच रंगाचं झालं होतं. साडीत कोण गुंडाळत नाही? बाळालाही जुन्या साडीतच गुंडाळलं असणार. मी माझं म्हणून सांगितलं खरं, पण ते माझंच असल्याची मला खात्री नव्हती. नसलं तर काय? माझ्या सांगण्यावरून ते उघडलं आणि आत दुसरंच निघालं, तर वहिनी ते बघेल.

"वयनी, तू तिकडं जा," मी म्हणाले.

"न्हाई जात."

"आबा, हिला न्या."

आबा हलले नाहीत. "उघड," ते म्हणाले. "तुझं हाय म्हनलीस ना?"

मी गुडघ्यावर बसले. बोचकं हलकं होतं. गाठ सुटेना. शेवटी फाटलेल्या जागेतून हात घातला. माती, बरगड्यांच्या काड्या, मग तो गोल भाग. त्यावरून बोट पुढं नेलं. कपाळ संपलं तरी हाड संपलं नाही. पुढं जात राहिलं, निमुळतं होत, आणि टोकाला बोटाला सुळा टोचला.

मी तिथंच रडायला लागले. कवटी बाहेर काढून वहिनीपुढं धरली. तिनं घेतली नाही. नुसतं एक बोट कपाळापासून नाकापर्यंत फिरवलं.

"लांब हाय," ती म्हणाली.

"हो."

"कालेजात हेच शिकवतेत काय?" काका भडकले. "बापाला फोनच लावतो तुझ्या. तमाशा लावलाय! आरं, बाईमाणसाचा जीव जायची पाळी आली..."

"काका, थांबा," वहिनी म्हणाली. मग ती सासऱ्याकडं वळली. डोक्यावरचा पदर सारखा केला. "मग माझं कुटं हाय?"

आबांनी रुमाल मुठीत धरला. मग धुऱ्यानं चालू लागले. बाभळीपाशी थांबले, दोन पावलं मागं आले, खाली बघितलं.

"दगड ठिवला होता," ते म्हणाले. "पावसात सरकला जनू. पन हितंच."

फक्कीची रेघ त्यांच्या दोन्ही पायांच्या मधून गेली होती.

त्यांनीच ती मारायला लावली होती. ते त्या रेघेकडं बघत राहिले, जणू आत्ताच दिसली. मग ड्रायव्हरला म्हणाले, "हितून वळव. आमच्या रानातून घे."

"पाइपाला बेंड लागतील आबा. पानी कमी यील."

"यिऊ दे."

वहिनी तिथं गेली आणि ओटी न सोडता खाली बसली. मला म्हणाली, "त्याला झाक." मी कवटी साडीत ठेवली, वरून तिचाच पदर ओढला आणि बोचकं मांडीवर घेऊन तिच्याशेजारी बसले. मशीन परत सुरू झालं. ते वळून पुढं निघून जाईपर्यंत तिनं हात जमिनीवर ठेवला होता. आबा उभेच होते, ऊन असून रुमाल हातात.