दोन गोल, एकच बाई

"पंडितजी, छूइए मत! स्याही गीली है," सरोज ओरडली. तोवर माझं बोट तिच्या चार्टवर टेकलं होतं.

मी काशीत विद्यापीठाच्या मानवशास्त्र विभागात लॅब अटेंडंट. शिक्षण चौथी. जुन्या प्रोफेसरांच्या वेळी आमच्याकडे माणसांची डोकी मोजायचे. कॅलिपर म्हणजे बाकदार पायांचा मोठा चिमटा. तो मी पुसून हातात द्यायचो आणि नाक-कवटीचे आकडे उतरवून घ्यायचो. मग नवे डॉक्टरसाहेब हेड झाले. म्हणाले, डोकी मोजून माणूस कळत नाही, त्याच्या घरी जाऊन बसा. कॅलिपर कपाटात गेले, नात्यांचे चार्ट आले. त्रिकोण म्हणजे पुरुष, गोल म्हणजे बाई, मधे दोन रेघा म्हणजे लग्न. मला ते फार आवडलं. टेबल पुसता पुसता वाचत राहायचो.

सरोजचा थीसिस रामघाटावरच्या आमच्या मराठी घरांवर होता. सोमवारी जमा करायचा होता. हा चार्ट तिथल्या एका काकूंचा.

"हे दोन गोल एकच बाई आहे," मी म्हणालो.

"कैसे? काकूंनी दोन नावं दिली. बुआ ठमाबाई, सास सरस्वतीबाई."

"माहेरची ठमा, सासरची सरस्वती. आमच्यात लग्नात नाव बदलतात."

तिने रेघेवर हवेतच बोट फिरवलं. "मतलब काकूंचा नवरा त्यांच्या बुआ का बेटा?"

"हो. आतेभाऊ."

"भाई से ब्याह?" बडेबाबू, म्हणजे आमचे हेडक्लार्क, तिवारीजी खुर्चीतून म्हणाले. "राम राम! पंडितजी, आज भांग जादा हो गई?"

हसणं ऐकून डॉक्टरसाहेब बाहेर आले. "ये दक्षिण में होता है. हे तर पिढ्यान्‌पिढ्या काशीतलं घर. सबूत क्या है?"

आता आली पंचाईत. इकडे मामाची मुलगी राखी बांधते. म्हणून बावीस वर्षं ऑफिसात मी एक गोष्ट बोललो नव्हतो. बोललो तर बायकोची चेष्टा होणार. गप्प बसलो तर आमची घरं पुस्तकात खोटी उतरणार, आणि चौथी पास माणूस खोटा पडणार. ते मला सोसणारं नव्हतं.

"सबूत माझ्या घरी पोळ्या लाटतोय, साहेब. माझी बायको माझ्या सख्ख्या मामाची मुलगी."

तिवारीजींचं पान तोंडातच राहिलं. डॉक्टरसाहेबांनी स्वतः खुर्ची ओढली. "बैठिए." तासभर विचारत होते. "आणि आत्याची मुलगी केली तर?"

"छे! ती नाही चालत."

"क्यों?"

जन्मात हा प्रश्न पडला नव्हता. घरी बायकोला विचारलं. ती म्हणाली, "दिलेली वेल परत आणू नये. आपण दिलेल्या मुलीची लेक सून करून आणायची नाही. एवढंही माहीत नाही?" दुसऱ्या दिवशी साहेबांनी ते वाक्य माझ्याकडून दोनदा म्हणवून लिहून घेतलं.

मग सरोजला घेऊन रामघाटावर गेलो. काकू तिच्यावर उखडल्या. "अगं, हे माझे आतेभाऊ म्हणून मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तू हसलीस आणि पुढचं विचारलंस!"

सोमवार हुकला. सरोजने एक गोल खोडला आणि अख्खं प्रकरण नव्याने लिहिलं. थीसिस तीन महिने उशिरा गेला, पण पास झाला.

तिवारीजी पुढे कित्येक दिवस विचारायचे, "पंडितजी, कल साला आया था कि भाई?"

मी म्हणायचो, "दोघे एकाच तिकिटात आले होते."

माझं म्हणणं एवढंच. लोकांना विचारायला जाल तर उत्तर आधी लिहून घ्या. हसायचं ते नंतर हसा.