गिरणी बंद ठेवून उतरवलेले धडे

साखरशेतच्या अंगणवाडीतली मदतनीस दर महिन्याला आमच्या जव्हारच्या कचेरीत कागद द्यायला यायची. दहावी पास झाली तर तिला सेविकेच्या जागेसाठी अर्ज करता येणार होता. गणितात ती दोनदा नापास झाली होती. मार्चमध्ये तिसऱ्यांदा बसणार होती, आणि वयाची अट बघता ही शेवटचीच खेप.

टीव्हीवर दहावीच्या गणिताचे धडे लागायचे, पण ते ती मुलांना खिचडी वाढत असायची त्या वेळेला. तिच्या पाड्यावर एकाच घरात टीव्ही होता. त्याला डीव्हीडी प्लेअर होता, डिशची छत्री नव्हती. माझ्याकडे छत्रीचा रेकॉर्डिंगवाला डबा होता. तिला अडणारे चार धडे मी त्यात भरून ठेवले. ते डिस्कवर उतरवायला लग्नांचं शूटिंग करणाऱ्या एका ओळखीच्याने आपला रेकॉर्डर एका रविवारपुरता दिला. धडा जितका चालतो तितकाच वेळ उतरायला लागतो, असं त्याने सांगितलं. आणि शेवटी डिस्क फायनलाइज केल्याशिवाय काढायची नाही, नाहीतर ती दुसऱ्या मशीनवर चालत नाही, हे दोनदा बजावलं.

माझ्या खोलीच्या मागेच पिठाची गिरणी. गिरणी सुरू झाली की माझी ट्यूबलाइट मंदावायची, एवढं मला माहीत होतं. डबाही बंद पडून पुन्हा सुरू होतो, हे त्या सकाळी कळलं. दोन डिस्क वाया गेल्या. तिसरी शेवटची होती. साडेअकरा झाले होते आणि दोनला भारनियमन.

मी गिरणीवाल्या वहिनींकडे गेले. रविवार असल्यामुळे दळणांची रांग दारापर्यंत आली होती. दोन तास गिरणी बंद ठेवाल का, असं सरळ विचारलं. कोणासाठी, तेही सांगितलं. ती नाचणी दळायला तिथेच यायची.

"ती होय," वहिनी म्हणाल्या. "माझ्या काट्यावर छटाकभर कमी भरलं तरी तिला कळतं. मग गणितात कशी जाते?"

"आकडे येतात तिला. भूमिती अडते."

त्यांनी बटण बंद केलं. दळणं ठेवून जा, वीज आली की संध्याकाळी दळते, असं रांगेला सांगितलं. लांबून आलेल्या पाच-सहा जणी कुरकुरल्या. त्यांना त्यांनी थांबायला माझ्या खोलीत पाठवून दिलं.

डिस्क भरत असताना धडा टीव्हीवर दिसतच होता. त्या बायका वर्तुळ आणि स्पर्शिका बघत जमिनीवर बसल्या. मधेच एक म्हातारी म्हणाली, "हा मास्तर दम तरी खातो का?" पण उठली कोणी नाही. धडे संपले तेव्हा दीड वाजून गेला होता. फायनलाइज व्हायला आणखी दहा मिनिटं लागतील म्हणून मी पुन्हा मागच्या दारात गेले. वहिनी हात पुसत बसल्या होत्या. मी काही बोलायच्या आतच म्हणाल्या, "होऊ दे. आता घाई करून काय उपयोग?"

डिस्क साखरशेतला चालली. त्या घरच्यांनी महिनाभर रोज जेवणानंतर टीव्ही तिला दिला, हेही सोपं नव्हतं.

जूनमध्ये निकाल लागला. गणितात ती काठावर पास झाली. निकालाचा कागद घेऊन ती आधी गिरणीवर गेली आणि मग माझ्याकडे आली. तो क्रम बरोबर होता.