साडेपाच सुताची गोटी

नव्वदच्या दशकात पेठला हायवेच्या कडेला माझं गॅरेज होतं. त्या काळी आमच्या पट्ट्यात मेकॅनिक ओळखायचे ते हातोड्यावरून. ज्याचा हातोडा जड, तो मोठा मेकॅनिक. नट निघत नसला की आधी हातोडा, मग छन्नी, मग पान्याच्या दांड्याला लोखंडी पाइप जोडून त्यावर दोन माणसं लोंबकळायची. नट निघाला की भोवतीचे लोक माझ्याकडे असे बघायचे, जणू मी विहिरीत पडलेली म्हैस वर काढली. नट निघायचा खरा, पण त्याचे कोपरे जायचे; आमच्या भाषेत, नट खाल्ला जायचा. कोपरे गेलेल्या नटाला पुन्हा कुठलाच पाना धरत नाही आणि तो पुरता आवळताही येत नाही. पण ती अडचण पुढच्या खेपेची, आणि पुढच्या खेपेचा विचार करणारा माणूस आमच्याकडे भित्रा समजला जाई.

माझ्याकडे दोन तोंडांच्या पान्यांचा नेहमीचा संच होता. चौदा मिलिमीटरचं तोंड झिजून चकचकीत झालेलं, आणि त्याच पान्याचं पंधराचं तोंड दुकानातून आणल्यासारखं कोरं. पंधरा लागतो सायकलच्या पायडलला. नऊ लागतो ब्रेकमधली हवा काढायच्या निपलला. एकवीस लागतो जुन्या पेट्रोल गाडीच्या प्लगला. हे मला माहीत नव्हतं असं कुणी समजू नये. माहीत असून मी पायडल पकडीनं काढायचो आणि निपलही पकडीनंच पिळायचो. निपल मोडला की गाडीमालकाला ठसक्यात सांगायचो, "माल डुप्लिकेट हाय." मालक मान डोलवायचा. डुप्लिकेट मालाला शिव्या देण्यात आम्हा दोघांचाही वेळ चांगला जायचा.

आणि साडेपाच सूत. इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत. जुने ट्रॅक्टर विलायती धाटणीचे, त्यांचे नट इंचाच्या मापाचे. त्यातल्या काहींच्या इंजिनाच्या हेडचे नट बरोबर साडेपाच सुताचे असत. मिलिमीटरच्या हिशोबात हे माप सतरा आणि अठराच्या अधेमधे पडतं. नटावर टोपीसारखी वरून बसते तिला आम्ही गोटी म्हणतो. सतराची गोटी या नटावर चढत नाही. अठराची चढते आणि नुसती फिरते. आमच्याकडे यावर एक ठरलेली युक्ती होती. अठराची गोटी घ्यायची, फटीत करवतीच्या पात्याचा तुकडा खुपसायचा आणि वरून हाणायचं. या युक्तीचं लोकांना इतकं कौतुक, की खरी गोटी कुणी विकत आणली असती तर त्याला अक्कल कमी आहे असं ठरवलं असतं.

तशी गोटी आणणारा एकच माणूस दोन तालुक्यांत होता. जुन्नरचा मिस्त्री, पिढ्यानपिढ्या लोखंडकाम करणाऱ्या मुसलमान घरातला. पुण्याच्या जुन्या बाजारात जाऊन तो असले आडमापाचे पाने आणि गोट्या हुडकून आणायचा. त्याची पत्र्याची पेटी होती आणि तिच्यात प्रत्येक गोटीला स्वतःची जागा. माणूस मात्र महातुसडा. स्वतःच्या हुशारीची त्याला एवढी घमेंड, की त्याच्याशी बोलून परतताना आपण काहीतरी हरवून आलो असं वाटायचं. वर त्यानं आमच्या भागातला एक रिवाज मोडला होता. इथं हत्यार मागितलं की द्यायचं, नाही म्हणायचं नाही. तो नाही म्हणायचा. एकदा मी स्वतः मागायला गेलो होतो.

"मिस्त्री, ती साडेपाचची गोटी द्या की जरा. सांजच्याला आणून देतो."

"गोटी जात न्हाई. मी जातो."

"म्हंजे?"

"म्हंजे गोटी न्यायची तर मला बी न्यावं लागंल. वर जेवायला घालावं लागंल."

"सोन्याची हाय का काय राव?"

"सोन्याची असती तर दिली असती. सोनं तुमी वाकवलं तरी सोनार सरळ करतो."

मी तसाच परत आलो. वाटेत भेटेल त्याला हे सांगितलं आणि सगळ्यांनी मिळून मिस्त्रीला भरपूर नावं ठेवली.

त्यानंतर काही महिन्यांनी बोरी बुद्रुकच्या दाजींचा निरोप आला. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. घरची बागायत जुनी, ट्रॅक्टरही जुना, आणि दाजींचा आवाज दोन्हींपेक्षा मोठा. ट्रॅक्टरच्या हेडचं पॅकिंग उडालं होतं. ऑइलमध्ये पाणी शिरून त्याचा रंग चहासारखा झाला होता. बहिणीच्या घरचं काम म्हणून मी माझी पिशवी घेऊन बोरीला गेलो. हेडचे नट साडेपाचचे आहेत हे झाकण काढताच दिसलं. मिस्त्रीला बोलवा, असं तिथं म्हणता आलं असतं. पण अंगणात दाजींचे भाऊबंद खाटा टाकून बसले होते आणि दाजी त्यांना सांगत होते, "आमचं पावणं हायवेवरचं मेकॅनिक हाय. असली विंजिनं डोळं मिटून खोलत्यात."

मग मी अठराची गोटी काढली, फटीत पात्याचा तुकडा घातला आणि हाणलं. बाकीचे नट कसेबसे निघाले. पंख्याच्या बाजूचे शेवटचे दोन निघाले तेव्हा सुपारीसारखे गोल झाले होते. नवीन नट आणायला नारायणगावपर्यंत जावं लागलं असतं. घरात मटण शिजलं होतं. मी नवं पॅकिंग घालून तेच दोन नट परत बसवले, छन्नीच्या ठोक्यानं जमतील तेवढे फिरवले आणि वर झाकण लावून टाकलं. झाकणाखाली काय आहे ते कुणाला दिसत नाही, हा आमच्या धंद्यातला मोठा आधार. ट्रॅक्टर चालू झाला. दाजींनी मला टोपी-उपरणं दिलं.

दोन नट ढिले असल्यानं ते पॅकिंग पुन्हा उडणारच होतं आणि ऐन कांदा काढायच्या वेळेला उडालं. मी तेव्हा एका जीपच्या कामात अडकलो होतो. दाजींना थांबणं शक्य नव्हतं, म्हणून त्यांनी मिस्त्रीला बोलावलं. मिस्त्रीनं झाकण काढलं. ते दोन नट कुठल्याच गोटीत धरण्यासारखे राहिले नव्हते. ते कापून काढताना एका नटासोबत त्याचा स्टडही, म्हणजे नट ज्यावर फिरतो तो दांडा, इंजिनातून आट्यांसकट उपटून आला. आता इंजिन लेथवर न्यायला हवं होतं. कांदा रानात आणि ट्रॅक्टर उघडा पडलेला. दाजींनी मला निरोप धाडला आणि मी दुसऱ्या दिवशी सकाळी बोरीत पोचलो.

अंगणात पुन्हा तीच माणसं, त्याच खाटा. मिस्त्री ट्रॅक्टरपाशी उकिडवा बसला होता.

"चांगला चाललेला ट्रॅक्टर मोडला ह्यानं," दाजी मला बघताच म्हणाले. "विंजिनातनं स्टड उपटला. पेटी एवढी मोठी आन् काम बघा."

"भाऊ, मी मोडला न्हाई," मिस्त्री म्हणाला. "नट आधीच खाल्लेलं व्हतं. कोण येऊन गेलं व्हतं आदूगर?"

दाजी रानाकडे बघू लागले. आमच्याकडे बायकोच्या भावाला बोल लावत नाहीत. तो घरी आला की मटण करायचं, टोपी द्यायची आणि त्यानं काय केलं ते विचारायचं नाही. मिस्त्रीला ते उमगलं असावं. त्यानं कापलेला एक नट उचलला, तळहातावर ठेवला आणि माझ्यासमोर धरला.

"पावणं, तुमी धंद्यातलं हाय. तुमीच सांगा. हे माझ्या गोटीचं काम हाय?"

गोलाईवर पात्याचे ओरखडे स्वच्छ दिसत होते. ते ओळखायला मेकॅनिक असण्याचीही गरज नव्हती. सगळे माझ्याकडे बघत होते.

"मी केलं तवा नट ठीक व्हतं," मी म्हणालो.

खाटेवरून कुणीतरी हसलं. "मिस्त्रीच्या गोटीला जेवायला लागतं म्हणं. तिनंच खाल्लं असंल नट!"

मग सगळेच हसले. मीही हसलो. मिस्त्रीनं नट माझ्या हातात दिला, गोट्या फडक्यानं पुसून एकेक जागेवर ठेवल्या, पेटी बंद केली आणि एस्टीच्या थांब्याकडे चालता झाला. त्या दिवसापासून बोरीत आणि आसपासच्या गावांत त्याचं नाव नटखाऊ पडलं. त्या बाजूनं त्याला पुन्हा कुणी बोलावलं नाही. मढ गावाकडचे जीपवाले तेवढे त्याच्याकडे जात राहिले, कारण त्यांना घाट उतरायचा असे आणि त्यांना हसण्यापेक्षा घट्ट आवळलेल्या चाकाची जास्त गरज होती.

दोन हजारनंतर सगळं मिलिमीटरवर आलं. नवे ट्रॅक्टर आले, दाजींचा जुना भंगारात गेला. मीही नंतर साडेपाच सुताची एक गोटी विकत घेतली. भंगाराला निघालेल्या एका इंजिनावर बसवून पाहिली. नटावर ती अलगद, जरासुद्धा न हलता बसली. हात न दुखता नट सुटला. मला आनंद झाला नाही. इतकं सोपं काम आपण आयुष्यभर मारामारी करून केलं, आणि त्या मारामारीला कसब म्हणवून घेतलं, याची किळस आली.

गॅरेज बंद केल्यावर मी जुन्नरला मिस्त्रीकडे गेलो. तो दाराशी खुर्ची टाकून बसला होता. म्हातारा झाला होता, पण घमेंड जागच्या जागी होती. मी झालं ते सगळं सांगितलं. माफी मागितली.

"हे मला कशाला सांगता?" तो म्हणाला. "मला म्हाईतच हाय. ज्याला म्हाईत न्हाई त्याला सांगा. बोरीत जाऊन सांगा."

"सांगतो."

"आन् चहा घ्या. माफी बिफी ऱ्हाऊ द्या. चहा घ्या आन् जावा."

मी बोरीच्या यात्रेला गेलो. देवळासमोर दाजी आणि त्यांचे तेच भाऊबंद बसले होते, दात पडलेले, आवाज शाबूत. मी उभं राहून सांगितलं की ते नट मिस्त्रीनं नाही, मी खाल्ले होते.

मग एकजण म्हणाला, "बघा राव, पावण्याचं मन किती मोठं! त्या नटखाऊला वाचवायला सोताच्या डोक्यावं घेत्यात."

"न्हाई, खरंच मी..."

"असूं द्या, असूं द्या. आमाला कळतं की."

मी दाजींकडे पाहिलं. ते मिशीतल्या मिशीत हसत होते. नंतर घरी जाताना माझ्या खांद्यावर हात टाकून हळूच म्हणाले, "मला तवाच म्हाईत व्हतं, पावणं. मी बघत व्हतो की तुमी पातं घालताना. पण घरचा माणूस सोडून परक्याला धरलेलं बरं असतंय. सोडा आता."

म्हणजे दाजींना माहीत होतं. खाटांवरच्या आणखी कितीजणांनी पात्याचा तुकडा पाहिला असेल, देव जाणे. एकट्या मिस्त्रीलाच पुरावा द्यावा लागला, आणि तो हातात धरलेला असूनही चालला नाही. या माणसांच्या कौतुकासाठी मी खोटं बोललो. त्यांच्या डोळ्यांत मोठं होण्यासाठी! आज त्यांच्याकडे बघून मला हसूही येत नाही. पण त्यांच्या शेजारच्या खाटेवर मीच बसलेला होतो, हे विसरता येत नाही.

तोंडानं सांगितलं की बोरीत त्याचा मोठेपणा होतो. म्हणून हे कुणाला मोठेपणा वाटू नये इतक्या बारकाईनं लिहून ठेवतो. पंख्याच्या बाजूचे दोन नट, साडेपाच सुताचे. गोटी अठराची, फटीत करवतीचं पातं, वरून माझा हातोडा. नटावरचे ओरखडे त्या पात्याचे. मिस्त्रीनं माझ्या हातात दिलेला नट मी कधी टाकला नाही. ज्याला शंका असेल त्यानं घरी यावं आणि मिस्त्रीची कुठलीही गोटी त्यावर बसवून पाहावी. बसणार नाही. अठराची मात्र मी ठेवली आहे, पात्याच्या तुकड्यासकट. ती त्या ओरखड्यांवर अजून बरोबर बसते.