गेलो म्हणजे पास

“गेलो!” असं टेस्टिंगवाले मामा ओरडले, तो माझा कामावरचा पहिलाच दिवस. मी धावत जाऊन मेन स्विच बंद केला, सगळ्या गाळ्यात अंधार. मला वाटलं, माणूस शॉक लागून संपला. आपल्याकडे ‘गेलो’ म्हणजे मीच गेलो, नाही का? मामा पडले मालवणचे. त्यांच्यात ‘गेलो’ म्हणजे तो गेला.

“अगे बाय, मी नाय, ह्यो गेलो,” समोरचा पत्र्याचा डबा दाखवत ते म्हणाले. “गेलो म्हणजे पास.”

मुलुंडच्या त्या गाळ्यात कॉम्प्युटरचे पॉवर सप्लाय बनायचे. मी एकेक डबा जोडून द्यायची, मामा त्याची पिवळी आणि काळी वायर मुद्दाम एकमेकींना टेकवायचे. चांगला डबा लगेच स्वतःला बंद करतो, पंखा थांबतो, म्हणजे ‘गेलो’. जो बंद होत नाही तो पुढे कुणाच्या तरी टेबलाखाली पेटायचा. अशाला मामा म्हणायचे, “ह्यो कोडगो. बाजूक ठेव.”

गावी त्यांचे थोरले भाऊ. बांधावरच्या एका फणसापायी दोघांचं बोलणं कित्येक वर्षं बंद. भाऊ आजारी पडले, तसा निरोप आला, एकदा येऊन जा. मामा रोज म्हणायचे, “ह्यो माल संपलो की जातंय.” आता तुम्हीच सांगा, कारखान्यातला माल कधी संपतो?

“मामा, टेस्टिंग मी बघते, तुम्ही निघा.”

“तू? ठिणगी उडाली की डोळे मिटतंस.” हसण्यावारी न्यायचे. घाबरत होते हो. इतक्या वर्षांनी भावासमोर उभं राहून बोलायचं काय?

मग एका दुपारी त्यांच्या पुतण्याचा फोन आला. मामांच्या दोन्ही हातांत वायरी, म्हणून मी स्पीकर लावून फोन त्यांच्या कानाशी धरला. पंख्यांची घरघर चालूच.

“काका, बापूस गेलो.”

मामांनी मान वर केली नाही. “गेलो? बरा झाला. दुसरो लाव.”

पलीकडून फोन कट झाला. माझा चेहरा बघितला तेव्हा कुठे त्यांच्या हातातल्या वायरी सुटल्या.

दिवसकार्य आटपून परत आले ते निम्मे होऊन. पुतण्या एक शब्द बोलला नव्हता. “तू सांग त्याका, बाय. मी डब्याबद्दल बोललंय.”

मी त्यांच्यासमोरच स्पीकरवर फोन लावला, सगळं समजावून सांगितलं. पोराने शांतपणे ऐकलं.

“मावशी, ता कळला माका. कामात माणूस कायव बोलता. पण बाबा रोज वाट बघी होते. तेव्हा काका इले नाय, त्येचा काय?”

मामांनी ऐकलं. चष्मा काढून पुसत बसले. “खरा बोललो तो,” एवढंच म्हणाले.

महिनाअखेरीस काम सोडून ते कायमचे गावी गेले. पुतण्या बोलतो की नाही, मला ठाऊक नाही. विचारावं म्हणून मामांचा नंबर काढते, आणि फोन तसाच खाली ठेवते.