ठसका न उठलेल्या मिरच्या

नातसुनेनं बाळाची दृष्ट काढली. मिरच्यांच्या ठसक्यानं घरभर खोकला उठला आणि मला चाकणचं आमचं बाजरीचं रान आठवलं. स्वातंत्र्य नवं होतं, मीही नवी सून.

भरदुपारी एक छोटं विमान आलं. त्याच्या पंखाला खेटून एक पांढराफेक गोळा चालला होता, जराही आवाज न करता. रानातली पाखरं गप्प झाली. दिवा विझावा तसा गोळा नाहीसा झाला आणि विमान आमच्या पडीक रानात उतरलं.

वैमानिक खाली उडी टाकून माझ्याकडं नि सासूबाईंकडं घाबराघुबरा धावत आला. "तुम्ही पाहिलंत ना?"

"न्हाई बाबा," सासूबाई म्हणाल्या. भ्यालेल्याला हो म्हटलं की भीती अंगात बसते, असं आमच्यात मानतात. त्यांनी त्याची दृष्ट काढली. मूठभर मिरच्या जळाल्या, पण ठसका उठला नाही. दृष्ट जबर असली की असंच होतं, हे त्याला ठाऊक नव्हतं.

तेव्हा वाटलं, त्याला सांभाळलं. आता वाटतं, तो जन्मभर स्वतःलाच वेडा समजला असेल.