ठिपकीचं चित्र

चित्र काढताना कुणी येऊन हसवलं की ठिपकी तोंड झाकायची नाही, कागद झाकायची. अर्धं चित्र कुणी पाहिलेलं तिला चालत नसे. काळ्या पेनानं ती आधी नुसते ठिपके देत बसायची, रेघा मागाहून. म्हणून हॉस्टेलमध्ये तिचं हेच नाव पडलं.

ती पेठ तालुक्यातल्या आदिवासी पाड्यावरची. घरचे सगळे द्राक्षांच्या कामाला दिंडोरीच्या बागांत जायचे. कॉलेजात आलेली तिच्या घरातली ती पहिली, भाजीचा मळा करणाऱ्या माझ्या घरातली मी. त्यामुळेच आमचं जमलं असावं. मेसच्या भाजीला मी नावं ठेवली की म्हणायची, "तुमच्याच मळ्यातली असंल, गप खा." चित्राचा अर्थ विचारला तर मात्र एकच उत्तर, "दिसतंय तसं हाय."

कॉलेजच्या प्रदर्शनात तिचं चित्र सगळ्यांत मोठं होतं. वर द्राक्षांचा मांडव, घड, पानापानांत पाखरं. खाली हातात हात धरून गोल उभी माणसं, मधे एक बारीक आकृती, कडेला रिकामा ट्रॅक्टर. मला ते फार आनंदी चित्र वाटलं होतं.

सरांनाही तसंच वाटलं. पाहुण्यांना ते समजावून सांगत होते, "लोककलेत माणूस निसर्गापासून वेगळा नसतो. बघा, पीक आलंय, सगळे नाचतायत, मधे तारपा वाजवणारा." मग तिच्याकडे वळून मायेनं म्हणाले, "फक्त इथं हात सुटलेत बघ. एका माणसाची जागा राहिली. भरून टाक." त्यांनी स्वतःचं पेन पुढं केलं.

तिनं ते घेतलं नाही. "भरायची नाय सर. भावाची जागा हाय ती."

"का, त्याला नाचता येत नाही?" मागून कुणीतरी म्हणालं.

"नाचत नायत ते. मधी बाबा पडलाय. भाऊ ट्रॅक्टर मागं घेत हुता, त्याला दिसला नाय."

दोन वर्षं मी तिच्या शेजारच्या कॉटवर झोपत होते. वडील नाहीत एवढंच मला माहीत होतं. समोरचं चित्र तेच होतं, आणि तरी ते मी आधी पाहिलंच नव्हतं.

सरांचा हात तसाच पुढं राहिला होता. पेन खिशाला लावत त्यांनी विचारलं, "भाऊ कुठं असतो?"

"म्हाईत नाय. त्याच सांजेला निघून गेला. पेपरात फोटो येतो म्हणले, म्हणून मोठं काढलं. जागा ठेवलीय, त्याला दिसंल."

दुसऱ्या दिवशी फोटो आला. पाहुणे मधोमध, मागं चित्र. मोकळी जागा नेमकी पाहुण्यांच्या खांद्याआड गेली होती. खाली छापलं होतं, 'आदिवासी नृत्याचा आनंद'. मला तो पेपर फाडावासा वाटला. ती मात्र कितीतरी वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "पाखरं तर आलीत. भाऊ रेघ वळखंल माझी."

परीक्षा संपल्यावर तिला एसटीत बसवून देताना मी चाचरत विचारलं, "आणि नाहीच ओळखली तर?"

"अजून मोठं काढीन."

यंदा ती कॉलेजात आली नाही. फोन लागत नाही. भाऊ परतला म्हणून ती घरीच रमली असेल, असं मी स्वतःला सांगते. नाहीतर मांडवाखाली, कामाला, त्याच्या जागेवर आता तीच उभी असेल.