परपोर्टसाहेब

माझ्या सासऱ्यांचा माणसांवर विश्वास नव्हता आणि त्याचाच त्यांना पगार मिळत असे. विमा कंपनीत दाव्यांबरोबर आलेले कागद खरे की बनावट, हे तपासायचं त्यांचं काम. अहवाल इंग्रजीत, आणि प्रत्येक अहवालात एक क्रियापद ठरलेलं: परपोर्ट. त्यावरून कचेरीत त्यांना परपोर्टसाहेब म्हणत. अर्थात पाठीमागे.

लग्न होऊन मी घरात आले तेव्हा त्यांनी त्या शब्दाची माझी शिकवणीच घेतली. 'प्रो' म्हणजे पुढे, 'पोर्तारे' म्हणजे वाहून नेणं; लॅटिनमधून जुन्या फ्रेंचमध्ये आणि तिथून इंग्रजांच्या कोर्टकचेऱ्यांत. कागद स्वतःबद्दल जे सांगणं पुढे घेऊन येतो, ते परपोर्ट. "हा दाखला डॉक्टरांचा आहे, असं लिहायचं नाही," ते म्हणाले. "डॉक्टरांचा असल्याचं परपोर्ट करतो, असं लिहायचं. खरा म्हणायचं नाही, खोटाही म्हणायचं नाही. आपण नामानिराळे."

मला तो शब्द मुळीच आवडला नाही. अंगाला काही लावून न घेता संशय घ्यायची ती सोय होती, आणि ती घरीही चाले. दूध हे दूध असल्याचं परपोर्ट करी, माझा ताप हा ताप असल्याचं. सासूबाई बाजारातून उशिरा आल्या की त्यांची पिशवी आधी तपासली जाई. त्या आपणहून पिशवी पुढे करत.

ते निवृत्त झाल्यावर काही वर्षांनी सासूबाईंना विसर पडू लागला. आधी किल्ल्या, मग शेजारीण, मग नवरा. मला ओळखत, मुलाला ओळखत, पण एका सकाळी सासऱ्यांकडे बघून मला हळूच म्हणाल्या, "हे कोण गृहस्थ राहतात आपल्याकडे? नीट चौकशी केलीस ना?"

मला आधी हसू आलं, मग लाज वाटली. सासरे मात्र पांढरेफटक पडले.

त्यांना एकच हवं होतं: तिने पूर्वीसारखं 'अहो' म्हणावं. त्यासाठी ते हट्टाला पेटले. लग्नाचा फोटो आणला. सासूबाईंनी तो खिडकीपाशी नेऊन निरखला, मग त्यांना निरखलं.

"फोटोतले आमचेच हे. पण तुम्ही तेच कशावरून?"

ओळखपत्र दाखवलं. "अशी बनवून मिळतात," त्या म्हणाल्या.

"हरकत बिनतोड आहे तिची," सासरे स्वयंपाकघरात येऊन मला म्हणाले. जन्मभर तुमच्याजवळ राहून त्या दुसरं काय शिकणार, असं अगदी माझ्या ओठांवर आलं होतं. गिळलं.

त्यांच्या हातून त्या गोळी घेईनात. ते खोलीत आले की उशी छातीशी धरून बसत. रोज ते नवा मुद्दा काढत आणि रोज तो फेटाळला जाई. मला त्यांचा राग यायचा आणि दयाही यायची, कधी कधी एकदमच.

एका संध्याकाळी मी सासूबाईंच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होते. ते आले, पण या वेळी रिकाम्या हाताने. उंबऱ्याबाहेरूनच म्हणाले, "मी काही सिद्ध करायला आलो नाही. बसू का थोडा वेळ?"

सासूबाईंनी विचार केला आणि दाराजवळची खुर्ची दाखवली. ते खुर्चीच्या कडेवर टेकले. मग त्या पुढे झुकल्या आणि दबक्या आवाजात म्हणाल्या, "तुम्ही भले दिसता म्हणून सांगते. आमचे हे कचेरीतून यायच्या आत निघा."

"का?"

"फार संशयी आहेत हो. तुम्ही नुसते बसला होतात, हे मी कितीही सांगितलं तरी त्यांना खरं वाटायचं नाही."

सासऱ्यांनी चष्मा काढून हातात धरला. "मी सांगतो त्यांना," ते म्हणाले. "तुमचं सगळं खरं असतं, असं सांगतो."

सासूबाईंनी त्यांच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं.

"पुरावा मागतील," त्या म्हणाल्या.